अश्वचित्र, मालक आणि सत्य

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात 'कपट' या शब्दाची व्याख्या दिली असून त्या व्याख्येखाली जी उदाहरणे जोडली आहेत त्यांतील पहिली तीन एकाच घोड्याभोवती फिरतात. पहिल्यात एक गृहस्थ आपला सदोष घोडा लिलावात विकतो. दोष त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. दुसऱ्यात घोडा तोच, मालक तोच. घेणारी मात्र त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे बापलेकीच्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन." विकणारा गप्प राहतो, आणि कायदा म्हणतो, हे मौन म्हणजे बोलणेच होय.

बेळगावच्या लॉ कॉलेजात आम्ही ही उदाहरणे पाठ केली त्या वेळी आम्हाला घोड्यापेक्षा गुणांची काळजी अधिक होती. पुढे वकिलीत वीस वर्षे गेली. या काळात घोड्याच्या विक्रीचा एकही दावा आमच्या हाती आला नाही. घोड्याचे चित्र मात्र आले, आणि त्या चित्राने सतरावे कलम आम्हाला नव्याने वाचावयास लावले. गाव व नाव सांगणे आमच्या व्यवसायाच्या मर्यादेत बसत नाही. निपाणीपासून फार दूर नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

घराणे जुने. वाड्याच्या सोप्यावर, खुंटाळ्याच्या वर, चार फूट रुंदीचे एक तैलचित्र टांगलेले होते. कुमैत रंगाचा घोडा, चारी पाय गुडघ्याखाली काळे, आयाळ विंचरलेली, मागे धुरकट माळ आणि एक वडाचे झाड. पणजोबांनी कोल्हापूरकडील एका चित्रकाराला घरी ठेवून घेऊन ते काढवून घेतले, असे घरात सांगत. व्हार्निश पिवळे पडून सही दिसेनाशी झाली होती. भावाभावांत वाटणी ठरली तेव्हा जंगम मालमत्तेच्या यादीत आम्ही 'घोड्याचे जुने तैलचित्र, नग एक' असे लिहिले आणि किंमत ठरविण्यासाठी एका जाणत्या चित्रकाराला बोलावणे पाठविले. त्याने चित्र उजेडात नेले, कापसाचा बोळा द्रवात भिजवून एक कोपरा पुसला, मग पुढच्या दोन गुडघ्यांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "येथला रंग व्हार्निशच्या वर आहे, खाली नाही. म्हणजे हा मूळच्या हाताचा नाही. मागाहून कोणीतरी लावला आहे."

त्या घराण्याची एक बहीण सह्यांच्या कामासाठी गोव्याकडून आली होती. ती साठीच्या आसपासची होती. तिने मागे उभे राहून हे ऐकले आणि जी हकीकत सांगितली ती अशी. तिचे वडील तान्हे असताना त्यांना एका पावसाळ्यात ताप भरला. पणजोबा बाळाला घोंगडीत गुंडाळून या घोड्यावर बसले आणि रात्री वेदगंगेच्या उतारातून निपाणीकडे निघाले. दगडांवर घोडा पडला, पुढचे दोन्ही गुडघे फुटले, पण स्वाराला पाण्यात न टाकता तो उठला आणि पैलतीरी पोहोचला. जखमा भरल्या, पण घोड्याच्या अंगावर जखमेच्या जागी केस परत येतात ते पुष्कळदा पांढरे येतात. काळ्या गुडघ्यांवर दोन पांढरे डाग राहिले. पणजोबांनी चित्रकाराला बजावले होते की सर्व चुकले तरी चालेल, ते दोन डाग चुकता कामा नयेत. पुढे तेच तान्हे बाळ घरचे कर्ते झाले. एकदा सोयरिकीच्या बैठकीला आलेल्या कोणा जाणकार पाहुण्याने चित्राकडे पाहून म्हटले, "गुडघे फुटलेले जनावर दिसते. ठेचकाळत असणार." अश्वपरीक्षेत हा खराच मोठा दोष मानला जातो, ज्याच्या गुडघ्यावर व्रण तो घोडा पडणारा, असा बाजाराचा ठोकताळा आहे. कर्त्या पुरुषाला ते लागले. पाहुणे गेल्यावर महिन्याभरात गावातल्या एका पाटी रंगविणाऱ्याकडून दोन्ही गुडघे काळे करून घेतले गेले. हकीकत संपवून ती बाई आपल्या कोंकणीत एवढेच म्हणाली, "रंग लायल्यार घाय बरो जाता?"

तिचा तो प्रश्न आम्हाला पुढे अनेक महिने पुरला. तोच आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो. पैसे देऊन चित्र काढवून घेणारा मालक, पैसे घेऊन ते काढणारा चित्रकार आणि ज्याला या व्यवहारातले काहीही कळत नाही असा मुका घोडा, या तिघांत सत्याचे ऋण कोणाचे कोणाकडे असते? मालकाने म्हटले, "हा व्रण नको," तर चित्रकाराने काय करावे?

प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. घर मालकाचे, भिंत मालकाची, पैसा मालकाचा. चित्र विकावयाचे नाही. त्यावरून कोणी घोडा विकत घेणार नाही. मग कोणाची फसवणूक झाली? सतराव्या कलमातील पहिल्या उदाहरणाप्रमाणे हे तर साधे मौन आहे. चित्रकार दोषाबद्दल बोलला नाही, एवढेच.

पण येथेच एक भेद पाहिला पाहिजे. तो शब्द आणि रंग यांच्या स्वभावातील भेद आहे. शब्दांच्या जगात गप्प बसण्याची सोय आहे. आम्ही घोड्याचे वर्णन करताना गुडघ्यांचा उल्लेखच केला नाही तर आमच्या वर्णनात गुडघे खरेही नसतात आणि खोटेही नसतात, ते नसतातच. तैलचित्रात ही सोय नाही. चित्रकार कापडाला अस्तर देतो, जवसाच्या तेलात घोटलेल्या रंगाचा पातळ थर देतो, तो वाळल्यावर त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी कापडाचा तसूभर भागही उघडा राहत नाही. गुडघा जेथे आहे तेथे त्याला काहीतरी रंगवावेच लागते. पांढरा व्रण रंगविला नाही तर त्या जागी काळे, निरोगी, तुळतुळीत कातडे रंगवावे लागते. म्हणजे व्रण वगळणे हे त्याच्या हातून मौनाच्या रूपाने होऊच शकत नाही. ते विधान होते. 'येथे व्रण आहे' हे न सांगणे आणि 'येथे व्रण नाही' हे सांगणे या दोन गोष्टी वकिलाच्या कागदात वेगळ्या राहतात. चित्रकाराच्या कापडावर त्या एक होतात.

यावर कोणी म्हणेल की मग चित्रकाराला काही मुभाच उरली नाही. तसे नाही. त्याला बाजू निवडण्याची मुभा आहे. प्राचीन ग्रीसमधील अपेलीस या चित्रकाराविषयी प्लिनी या रोमन ग्रंथकाराने दोन गोष्टी नोंदविल्या आहेत. अँटिगोनस नावाच्या राजाचा एक डोळा गेलेला होता. अपेलीसने त्याचे चित्र काढताना चेहरा किंचित वळवून घेतला, म्हणजे शाबूत बाजू प्रेक्षकाकडे आली आणि गेलेला डोळा पलीकडे राहिला. त्याने नसलेला डोळा रंगविला नाही. आमच्या मते हेच खरे चित्रातले मौन, आणि हे मौन निर्दोष आहे. कारण एका बाजूने पाहणाऱ्याला दुसरी बाजू दिसत नाही हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. लिलावात घोडा घेणाऱ्याने स्वतः फेरी मारून तो पाहावा, असे जे कायदा गृहीत धरतो त्याचेच हे प्रतिरूप होय. प्लिनीची दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. घोड्याच्या चित्रांची स्पर्धा लागली तेव्हा अपेलीसला परीक्षकांचा भरवसा वाटेना. त्याने खरे घोडे आणवून त्यांच्यापुढे सर्वांची चित्रे ठेवविली, आणि घोडे खिंकाळले ते त्याच्या एकट्याच्या चित्रापुढे. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, तिच्यातील कल्पना विचारात घेण्याजोगी आहे. मालकाला वगळून घोड्यालाच न्यायासनावर बसविले तर निकाल काय लागेल? घोड्याला आपल्या व्रणाची लाज नसते. लाज असते ती मालकाला. चित्रातून व्रण पुसला जातो तो घोड्याच्या हितासाठी कधीच नसतो.

आमच्या परंपरेत तर घोड्याच्या रंगाशी केलेल्या लबाडीची कथा महाभारताच्या आरंभीच येते. उच्चैःश्रवा नावाचा दिव्य घोडा समुद्रमंथनातून निघाला. तो शुभ्र होता. कद्रू आणि विनता या सवती बहिणींनी त्याच्या शेपटीच्या रंगावर पैज लावली आणि जी हरेल तिने दुसरीची दासी व्हावे असे ठरले. विनता म्हणाली, पांढरी. कद्रू म्हणाली, काळी. आपण हरणार असे दिसताच कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना आज्ञा केली की तुम्ही काळ्या केसांप्रमाणे शेपटीला बिलगून राहा. ज्यांनी नकार दिला त्यांना तिने शाप दिला की जनमेजयाच्या सर्पसत्रात तुम्ही जळाल. इतर पुत्र बिलगले, दुरून शेपूट काळी दिसली आणि विनता दासी झाली. पुढे गरुडाने अमृत आणून आईला सोडविले, हे सर्वश्रुत आहे. या कथेत कद्रू एकही असत्य शब्द बोलून पैज जिंकत नाही. ती फक्त घोड्याच्या अंगावर रंग चढविते आणि विनतेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देते. डोळ्यांनी पाहिले की माणूस प्रश्न विचारीत नाही, म्हणूनच रंगाची लबाडी शब्दाच्या लबाडीहून अधिक खोल जाते. आणि या कथेतील आमच्या व्यवसायाला झोंबणारा भाग त्याच्या पुढे आहे. ज्यांच्याकडून हे काम करून घ्यावयाचे होते त्यांतील काहींनी ते नाकारले आणि नाकारल्याची शिक्षाही त्यांना आपल्याच घरातून मिळाली.

येथे चूक आणि लबाडी यांची गल्लत होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फ्रेंच चित्रकार जेरिको याने १८२१ साली इंग्लंडमधील एप्सम येथील घोड्यांची शर्यत रंगविली. त्यातील घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून जणू हवेत तरंगत आहेत. त्या काळी शर्यतीचे घोडे असेच रंगवीत. पुढे १८७८ साली अमेरिकेत लीलँड स्टॅनफर्ड या धनिकाच्या खर्चाने एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसून आले की चौफेर धावताना चारही पाय जमिनीपासून सुटतात खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात. म्हणजे जेरिकोचे घोडे चुकले. पण त्याने लबाडी केली नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसत होते ते त्याने लिहिले. करार कायद्यातही सतराव्या कलमानंतर अठरावे येते आणि स्वतः खरे मानून केलेल्या अयथार्थ कथनाला ते कपटापासून वेगळे ठेवते. गुडघे काळे करणाऱ्याला मात्र ते गुडघे पांढरे असल्याचे ठाऊक होते. अश्वपरीक्षेत गळ्यावरील देवमण भोवरा शुभ मानतात. तो ज्या घोड्याला नाही त्याच्या चित्रात तो काढणे हे याच जातीचे कृत्य होय.

मालकाची मर्जी आणि चित्रकाराची सचोटी यांचा प्रत्यक्ष झगडा पाहावयाचा तर इंग्लंडमधील जॉर्ज स्टब्जकडे वळावे लागते. स्टब्ज १७२४ साली लिव्हरपूल येथे चामडे कमावणाऱ्याच्या घरी जन्मला. घोडा खरा कसा असतो हे समजावे म्हणून त्याने एका खेड्यातील घरात सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची कातडी, स्नायू आणि हाडे थराथराने सोडवून रेखाटली. त्या श्रमाचे फळ म्हणून 'घोड्याची शरीररचना' हा त्याचा ग्रंथ १७६६ साली प्रसिद्ध झाला. रॉकिंगहॅमच्या सरदारासाठी त्याने १७६२ च्या सुमारास काढलेले 'व्हिसलजॅकेट' नावाच्या घोड्याचे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. प्रत्यक्ष घोड्याएवढ्या त्या चित्रात स्वार नाही, खोगीर नाही, माळ नाही, झाड नाही. नुसता घोडा आहे.

पण आम्हाला येथे सांगावयाचे आहे ते त्याच्या वृद्धापकाळातील चित्राविषयी. मार्च १७९९ मध्ये न्यूमार्केट येथे 'हँबल्टोनियन' आणि 'डायमंड' या दोन घोड्यांची चार मैलांहून लांब शर्यत तीन हजार गिनींच्या पैजेवर झाली. हँबल्टोनियन अगदी थोडक्याने जिंकला. त्यासाठी त्याला चाबूक आणि टाच इतकी सोसावी लागली की शेवटी तो रक्तबंबाळ आणि गलितगात्र झाला होता. त्याचा मालक सर हेन्री व्हेन-टेंपेस्ट याने पंच्याहत्तरीच्या स्टब्जला विजयाचे चित्र काढावयास सांगितले. स्टब्जने १८०० साली बारा फूट लांबीचे चित्र काढले. त्यात विजयोत्सव नाही, टाळ्या नाहीत, मालकही नाही. शर्यत संपलेली आहे, घोड्याचे कान मागे पडले आहेत, तोंड उघडे आहे, अंग पुसणे चालू आहे, एका बाजूला लगाम धरलेला शिक्षक उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला तबेल्यातील पोरगा घोड्याच्या मानेवरून हात टाकून सरळ आपल्याकडे पाहत आहे. या चित्राच्या मोबदल्यावरून वाद होऊन स्टब्जला न्यायालयात जावे लागले. तेथे निकाल त्याच्या बाजूने लागला.

वकील या नात्याने आम्हाला या निकालात एक तत्त्व दिसते. मालकाने चित्राचा पैसा देण्याचे कबूल केले असते, स्वतःच्या समाधानाचा नव्हे. चित्रकार आपली नजर, हात आणि वेळ विकतो. आपला होकार विकत नाही. तो आमच्यासारखाच वकीलपत्र घेऊन उभा असतो, पण ते वकीलपत्र बाजू मांडण्याचे असते, पुरावा बदलण्याचे नव्हे. बाजू मांडताना कोणता प्रकाश कोठून यावा, घोडा कोणत्या कुशीवर उभा करावा, काय पुढे आणावे आणि काय सावलीत ठेवावे, हे त्याने आपल्या पक्षकाराच्या हितासाठी खुशाल ठरवावे. कागदावरची तारीख मात्र त्याने खरवडू नये.

आता जो आक्षेप आमच्या वाचकांच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे त्याचा विचार करू. आपण मंदिराच्या सावलीत वाढलेली माणसे. आपल्याकडे मूर्ती घडविताना शिल्पी लक्षणे पाहतो, मोजमाप पाहतो. व्यंग असलेली मूर्ती घडवीत नाहीत आणि भंगलेली मूर्ती पूजेत ठेवीत नाहीत, तिचे विसर्जन करतात. मग निर्दोष रूप दाखविणे हे पाप कसे? आमचे उत्तर असे की मूर्ती कोणा एका देहाची साक्ष देत नाही. जोतिबाच्या डोंगरावर देव अश्वारूढ आहे, खंडोबा अश्वारूढ आहे. गोव्यात डिचोली-सत्तरीकडे शिमग्यात कमरेला लाकडी घोडे बांधून घोडेमोडणी नाचतात. यांतील कोणत्याही घोड्याला 'हा अमक्याचा, अमक्या साली अमक्या नदीत पडलेला' असे कोणी म्हणत नाही. तेथे घोडा हे तत्त्व आहे आणि तत्त्वाला व्रण नसतो. चित्राची गोष्ट उलटी आहे. ज्या क्षणी चित्राखाली नाव येते त्या क्षणी ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहते. ज्याला मूर्ती हवी त्याने मूर्ती घडवावी. ज्याला चित्र हवे त्याने चित्र काढवावे. दोष उत्पन्न होतो तो मालकाला चित्राची साक्षही हवी असते आणि मूर्तीची निर्दोषताही हवी असते म्हणून.

हा भेद समजावून घेण्यासाठी आम्हाला दूर जावयास नको. चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठी, अंकली हे गाव आहे. तेथील शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी पायी आळंदीस जातात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट चालतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याला खोगीर घातलेले असते, पण त्याच्यावर कोणीही बसत नाही. त्यावर माउली स्वतः आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. चांदोबाच्या लिंबाजवळील उभ्या रिंगणात तो अश्व धावून गेला की हजारो माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या क्षणी घोड्याच्या गुडघ्याकडे कोण पाहतो? आणि तरीही रात्री मुक्कामावर त्याचा मोतद्दार कंदिलाच्या उजेडात त्याचे चारही खूर उचलून पाहतो, खडा रुतला आहे काय, सूज आली आहे काय, याची तपासणी करतो. रिंगणातील माणसाची दृष्टी मूर्तीची आणि मोतद्दाराची दृष्टी चित्राची. दोन्ही दृष्टी त्याच घोड्यावर आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पण मोतद्दाराने रिंगणातल्या दृष्टीने खूर पाहिला तर दुसऱ्या दिवशी घोडा लंगडेल. श्रद्धेने तपासणीचे काम आपल्या अंगावर घेऊ नये, यात श्रद्धेचाच मान आहे.

येथवर जे लिहिले ते लिहिणे सोपे होते, कारण ते दुसऱ्यांविषयी होते. आता आमच्याविषयी.

त्या घराण्याच्या वाटणीत आमचे पक्षकार भाऊ होते. बहिणीला बोलावले होते ते हक्कसोडपत्रावर सही करावयास. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. २००५ साली वडील हयात होते किंवा नव्हते याने त्यात फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बाईंना यातले काही ठाऊक नव्हते. लग्नात दिले, संपले, अशी त्यांची समजूत होती. आम्ही मसुदा केला. त्यात एकही असत्य वाक्य नव्हते. 'स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना' हे नेहमीचे शब्द होते. घोड्याची हकीकत सांगून झाल्यावर बाई सोप्यावर बसल्या, कागद हातात घेतला, चष्मा काढून पुसला आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "वकीलबाब, सगळें सारकें आसा न्हय?"

आम्ही काही बोललो नाही. मान मात्र किंचित हलविली असावी.

वाचकहो, सतराव्या कलमातील तिसरे उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांना शिकविले आहे. दुसरे उदाहरणही शिकविले आहे, ज्यात घेणारी व्यक्ती घरची लेक आहे. आमच्या समोर ती दोन्ही उदाहरणे एकाच बाईच्या रूपाने बसली होती आणि आमच्या डोक्यावर गुडघे काळे केलेला घोडा टांगलेला होता. त्या दिवशी नोंदणीची वेळ टळून गेली म्हणून सही राहिली. ती आमच्या सद्‌बुद्धीने राहिली नाही.

आमच्या बाजूने बोलावयाचे तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्या आमच्या पक्षकार नव्हत्या. वकिलाचे कर्तव्य आपल्या पक्षकाराशी. समोरच्याने आपला वकील करावा. प्रत्येक व्यवहारात वकील सर्वांनाच सल्ला देत सुटला तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवील? हे सर्व आम्ही स्वतःला आठ दिवस सांगत होतो आणि प्रत्येक वेळी ते युक्तिवाद म्हणून पटत होते. शेवटी आम्हाला उत्तर मिळाले ते चित्रकाराच्या वाक्यात: रंग व्हार्निशच्या वर आहे, खाली नाही. बाईंनी काही विचारले नसते तर आमचे मौन अपेलीसचे मौन ठरले असते; त्यांनी स्वतः फेरी मारून पाहावयाचे होते. पण त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नानंतर आमच्याकडे मौन उरलेच नव्हते. कापड पूर्ण भरले होते. आम्ही मान हलविली तेव्हा त्या जागी काळा रंग लावला.

नवव्या दिवशी आम्ही थोरल्या बंधूंना बोलावून सांगितले की बाईंनी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज हा दस्त आमच्या हातून होणार नाही. फसवणुकीने घेतलेली संमती पुढे रद्द होऊ शकते, म्हणून हे त्यांच्याही हिताचे आहे. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही आमचे की तिचे?" आम्ही म्हणालो, "तुमचेच. म्हणूनच सांगतो." त्यांनी कागद उचलले आणि ते गेले. पुढे दुसऱ्या वकिलामार्फत वाटणी झाली. बाईंनी बेळगावात सल्ला घेतला होता आणि त्यांनी जमिनीतील थोडा हिस्सा ठेवून बाकीचा समजून-उमजून भावांना सोडला, एवढे आमच्या कानावर आले. थोरले बंधू आता बाजारात भेटले तर नमस्कार करीत नाहीत. आम्ही करतो.

चित्राचे काय झाले, असे वाचक विचारतील. ते वाड्यावरच आहे. वरचा रंग काढावा की राहू द्यावा यावर भावांत एकमत झाले नाही. धाकट्याचे म्हणणे असे की आम्ही लहानपणापासून घोडा असाच पाहिला, आमच्यासाठी हाच खरा. या म्हणण्यातही तथ्य नाही असे नाही. एकदा लावलेला रंग दोन पिढ्या टिकला की तो पाहणाऱ्यांच्या आठवणीचा भाग होतो आणि मग तो काढणाराच घरात लबाड ठरतो. म्हणूनच आमचे म्हणणे असे आहे की हा प्रश्न पहिल्या कुंचल्याच्या वेळीच सोडवावयाचा असतो. घोड्याचे चित्र काढवून घेणारे मालक आता आपल्या भागात फारसे राहिले नाहीत. पण आईवडिलांच्या छायाचित्रावरून तैलचित्र काढवून घेणारी घरे आहेत, देवस्थानाच्या सभामंडपात देणगीदारांची चित्रे लावणारे विश्वस्त आहेत, घराण्याचा इतिहास लिहवून घेणारी मंडळी आहेत, आणि जुन्या खात्यांतून नवे कागद करणारे आमच्यासारखे वकील आहेत. या प्रत्येकापुढे कधी ना कधी दोन पांढरे डाग येतात.

त्या वेळी एवढेच आठवावे की बाजारात जो डाग दोष म्हणून मोजला गेला तोच घरात, हकीकत ठाऊक असलेल्यांना, त्या जनावराच्या उपकाराची खूण होता. डाग गेला त्याबरोबर हकीकतही जाण्याच्या मार्गाला लागली. ती उरली ती केवळ सासरी गेलेल्या एका बहिणीच्या आठवणीत, आणि तिलाच आम्ही सही करावयास बोलावले होते.